न जुळलेले त्रेसष्ट

“चपला बाहेर,” मी काचेच्या आतूनच बोटाने खूण केली.

दारात ज्योतीराम काळोखे उभा होता. आमच्या टाइम ऑफिसचा कारकून. डोक्यावर टोपी, अंगात धुऊन धुऊन पिवळा पडलेला सदरा आणि हातात आमच्याच प्रिंटरवर छापलेल्या कागदाची घडी. त्याने आधी आपल्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आत देव हाय का, सायेब?”

“कॉम्प्युटर आहे. त्याला धूळ चालत नाही.”

“म्हंजी देवापरीस नाजूक,” असं म्हणत त्याने चपला काढल्या, दाराशी नीट जोडून ठेवल्या आणि तो आत आला. आत येताच त्याने खांदे आवळून घेतले. एवढा गारवा त्याने मार्च महिन्यात कधी पाहिला नसावा. मला हसू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

ही १९८० सालची गोष्ट. चिंचवडच्या एमआयडीसीत आमची पंपांची कंपनी होती. अख्ख्या कंपनीत एसीच्या खोल्या दोनच, एक जनरल मॅनेजरची आणि दुसरी आमची. आमचा कॉम्प्युटर म्हणजे विलायतेत कुणीतरी दहा वर्षं वापरून टाकून दिलेलं धूड. ते आम्ही नारळ फोडून, पेढे वाटून घरात घेतलं होतं. जानेवारीत ते सलग आठ दिवस बंद पडलं आणि कंपनीत कुणाचंही काही अडलं नाही. यातून काही बोध घ्यावा असं आम्हाला वाटलं नाही. आम्ही चौघं प्रोग्रामर कँटीनमध्ये वेगळ्या टेबलावर बसायचो आणि ज्याला कोबोल ही प्रोग्रामची भाषा येत नाही त्याला अक्कल नाही, असं मनापासून मानायचो. त्यात मी सगळ्यांत पुढे. वय तीस, स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी., शर्टाच्या खिशाला दोन पेनं. तो मुकुंद गद्रे आज मला रस्त्यात भेटला, तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन.

काळोखेने कागद टेबलावर पसरला. “ह्ये त्रेसष्ट नंबर. ह्यांचं काय झालंय?”

“जुळत नाहीत.”

“कशाशी?”

युनियनशी नवीनच करार झाला होता. ३१ मार्चला संपणाऱ्या बारा महिन्यांत ज्या टेंपररी कामगाराची दोनशे चाळीस दिवस हजेरी भरेल, त्याला कंपनीने पर्मनंट करायचं. पर्सोनेल खात्याकडे टेंपररी कामगारांची यादी होती, नाव आणि नंबर. टाइम ऑफिसकडे हजेरी होती, नंबर आणि दिवस. या दोन्हींची कार्डं पंच करून, म्हणजे नोंदींप्रमाणे भोकं पाडून, त्यांचा मेळ घालायचा प्रोग्राम मी लिहिला होता. काळोखेला मी तो समजावून सांगितला, पहिलीच्या पोराला सांगावा तसा, एकेक शब्द तोडून. दोन्ही फायली नंबराच्या क्रमाने लावायच्या. दोन्हींतली वरची एकेक नोंद उचलायची. नंबर सारखा निघाला तर जुळलेल्यांत टाकायची. नाही निघाला, तर ज्याचा नंबर लहान त्याला पलीकडे जोडीदार नाही, त्याला बाजूला काढायचं आणि पुढची नोंद उचलायची.

“चारशे बारा जुळले,” मी म्हणालो. “तुमच्या हजेरीतले हे त्रेसष्ट उरले. यांची हजेरी आहे, पण माणसं नाहीत. कळलं का काही?”

“न कळाय काय झालं? सतरा वर्सं त्येच करतोय की. एका फळीवर बिल्लं, दुसऱ्या फळीवर खिळं. बिल्ला आला न्हाई, त्यो गैरहजर. पर ह्ये काम कराय मला गारठ्यात बसावं लागत न्हाई.”

गेटाजवळच्या त्याच्या खोलीत नंबर ठोकलेले पितळी बिल्ले टांगलेले असायचे, ते मी पाहिले होते. मला ती तुलनाच अपमानाची वाटली.

त्याने यादीतल्या एका ओळीवर बोट टेकवलं. यादीत नावं नव्हती, नुसते नंबर आणि दिवस. “दोन हजार एकशे सतरा. ह्यो युनूस शेख, फौंड्रीतला मोल्डर, कासारवाडीचा. तुमी म्हणता ह्यो माणूसच न्हाई. आत्ता त्याच्यासंगं च्या पिऊन आलोय मी. निका झालाय त्याचा, पर सासरा पोरगी धाडंना. म्हणतो, आधी पर्मनंट हो, मंग शमीमला न्हे. त्याला काय सांगू? तू न्हाईसच म्हणून?”

“पण दोन हजार एकशे सतरा हा नंबर पर्सोनेलच्या यादीत नाही. ते काय माझ्या घरचं आहे?”

काळोखेने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाला, “नंबर म्या बदललंच न्हाईत.”

तेव्हा मला उलगडा झाला. टेंपररी माणसाचे दोनशे चाळीस दिवस कधी भरू नयेत म्हणून कंपनी त्याला सात महिन्यांनी ब्रेक द्यायची. आठ दिवस घरी बसवायचं आणि मग नवा नंबर देऊन नवा माणूस म्हणून आत घ्यायचं. तोच माणूस, तेच मशीन, तोच डबा. कागदावर मात्र त्याचा पहिला दिवस. हे पर्सोनेल मॅनेजर यशवंतराव निंबाळकरांच्या सुपीक डोक्यातून निघालेलं होतं आणि त्याचं त्यांना फार कौतुक होतं. इतर खात्यांत नंबर बदलले गेले. फौंड्रीत काळोखेने बदलले नाहीत. तिथला मोल्डर वाळूच्या साच्यात स्वतःच्या नंबराचा शिक्का दाबतो, म्हणजे ओतलेल्या प्रत्येक पंपाच्या अंगावर तो नंबर उठतो आणि पुढे माल खराब निघाला तर कुणाचा ते कळतं. नंबर बदलला की शिक्का बदलायचा, आणि महिनाभर कुणाची चूक कुणाच्या माथी. म्हणून काळोखेने फौंड्रीच्या माणसांना ब्रेकनंतर जुनाच बिल्ला द्यायचा परिपाठ ठेवला आणि हजेरीही त्याच नंबरावर लावली. पर्सोनेलच्या यादीत युनूस चार हजार तीनशे सहा होता आणि टाइम ऑफिसच्या हजेरीत दोन हजार एकशे सतरा.

“तुम्ही कंपनीचा हुकूम मोडलात,” मी म्हणालो.

“व्हय.”

“म्हणजे चूक माझ्या प्रोग्रामात नाही.”

खरं सांगायचं तर त्या घटकेला मला एवढंच महत्त्वाचं वाटलं. त्रेसष्ट माणसांचं काय होणार हा विचार मनात आलाच नाही. मी काळोखेला तसाच उठवला आणि यशवंतरावांच्या केबिनमध्ये घेऊन गेलो, माझा प्रोग्राम निर्दोष आहे हे सांगायला.

यशवंतराव निंबाळकर हा माणूस बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायचा. डोळ्यांत बघितलं तर समोरचा काही मागेल अशी त्याला भीती असावी. माझं म्हणणं ऐकून यशवंतराव खुर्चीत मागे रेलले.

“काळोखे, या नंबरांची माणसं कंपनीत नाहीत. म्हणजे तुम्ही भुतांची हजेरी लावलीत.”

“भुतं कशाला, सायेब? समदी जिती हायेत. चला फौंड्रीत, नावानं हाक मारतो एकेकाला.”

“कंपनीत नाव चालत नाही, नंबर चालतो. तसं सर्क्युलर आहे, तुमची सही आहे त्यावर.” मग त्यांना काहीतरी सुचलं, आणि ते अगदी गोड आवाजात म्हणाले, “ठीक आहे. कुणाचा जुना नंबर कोणता आणि नवा कोणता, हे लिहून द्या. त्रेसष्टच्या त्रेसष्ट. खाली सही करा. चार्जशीट होईल हे उघड आहे. रिटायर व्हायला किती राहिलेत?”

“चौदा म्हैनं.”

“विचार करा.”

यशवंतरावांची खात्री होती की म्हातारा घाबरेल, आणि घाबरला नाहीच तर त्रेसष्ट जोड्या त्याला आठवणार नाहीत. माझीही तीच खात्री होती. काळोखेने टोपी काढून हातात घेतली.

“दिल्या लिहून, तर ही पोरं पर्मनंट व्हतील न्हवं?”

“नियमात बसतील ते होतील.”

“मंग देतो की,” काळोखे म्हणाला.

दुपारी तो पुन्हा आमच्याकडे आला. या वेळी चपला काढायला कुणी सांगावं लागलं नाही. कार्डं पंच करायच्या मशीनवर आमची मृदुला पंडित बसली होती. काळोखे तिच्या शेजारी स्टुलावर टेकला आणि सांगू लागला. जुना नंबर, नवा नंबर, नाव, बापाचं नाव, गाव. हातात रजिस्टर नाही की चिठ्ठी नाही. मृदुलाची बोटं चालत होती आणि मी पर्सोनेलची यादी घेऊन मागे उभा होतो, तो कुठे चुकतो ते पकडायला.

दहा-बारा झाल्यावर मी मध्येच उलट बाजूने, नव्या नंबरावरून विचारलं. “चार हजार तीनशे एकेचाळीस?”

“जुना एकोणीसशे ऐंशी. मालोजी बोऱ्हाडे, मोशी.”

“चार हजार दोनशे अठ्ठ्याण्णव?”

“दोन हजार चव्वेचाळीस. जहीर. त्याचा बाप सांगवीला सायकली दुरुस्त करतो.”

मी आणखी सात-आठ विचारले. मग मुद्दाम एक असा नंबर विचारला जो यादीत नव्हताच. काळोखेने मान हलवली. “असला नंबर अजून कुणाला दिल्यालाच न्हाई, सायेब,” तो म्हणाला. मृदुलाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“पुरे की आता, गद्रे,” ती म्हणाली. तिच्या आवाजात जे होतं ते मी रोज इतरांशी बोलताना वापरायचो, म्हणून लगेच ओळखलं.

शेवटी काळोखे म्हणाला, “ह्यात चौघं आता न्हाईत. एक वारला, तिघं गावाकडं गेलं. एकोणसाठ धरा.” सगळं एका कागदावर उतरवून त्याने खाली सही केली, ठसठशीत, शाळेतल्यासारखी.

मी प्रोग्राममध्ये आणखी एक पायरी घातली. आधी जुन्या नंबराचा नवा करायचा, मग फाइल पुन्हा क्रमाने लावायची, मग मेळ घालायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंटर खडखडला. त्या त्रेसष्टांत जुळलेले, एकोणसाठ. न जुळलेले, चार. एकाचाही घोळ नाही. काळोखे मुद्दाम बघायला आला होता. त्याने युनूसची ओळ शोधायला सांगितली. आजचा दिवस धरून दोनशे छत्तीस.

“चारच ऱ्हायलं,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मोकळा हसला. “आज शुक्रवार. बुधवारी भरत्यात. सासऱ्याला सांगाय पायजे, पोरीची ट्रंक भर म्हणून.”

मलाही फार बरं वाटत होतं. त्याच्यासाठी नव्हे, प्रोग्राम पहिल्याच फटक्यात चालला म्हणून.

ती यादी मी यशवंतरावांकडे नेली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि मला बसायला सांगितलं, चहा मागवला. प्रोग्रामरला चहा मागवणारा मॅनेजर काहीतरी घाणेरडं सांगणार, हे मला आता कळतं. तेव्हा मी खूश झालो.

“गद्रे, तुमच्या मशीनला यांचे दोन ढीग करता येतील? ज्यांचे दोनशे चाळीस भरलेत ते एकीकडे, ज्यांचे भरायचेत ते दुसरीकडे.”

“अगदी सोपं आहे, सर. एक ओळ घालायची.”

“घाला मग.”

घातली. दिवस दोनशे चाळीस किंवा जास्त असतील तर इकडे, नाहीतर तिकडे. बावीस इकडे आले, सदतीस तिकडे. सदतीसपैकी कुणाला एक दिवस कमी होता, कुणाला पंधरा. महिनाअखेरपर्यंत सगळ्यांचे आरामात भरले असते. त्यांतल्या चौदा जणांचे चार दिवसांतच भरले असते.

“बावीसांना देऊन टाकू,” यशवंतराव म्हणाले. “त्यांचं भरलंय, ते कोर्टात जातील. या सदतीसांना उद्यापासून ब्रेक, थेट एप्रिलपर्यंत. काळोख्याने काम सोपं करून दिलं, नाहीतर हे आपल्याला सापडले असते का?” आणि ते माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. हे लिहायची मला लाज वाटते, पण हसलो.

शनिवारी सकाळी सात वाजता ब्रेकची यादी गेटावर पोचली. साडेसातला पहिली पाळी आत गेली, आणि तिच्याबरोबर सदतीसच्या सदतीस माणसं आत गेली. नऊ वाजता यशवंतरावांचा फोन आला तेव्हा ते नुसते ओरडत होते. काळोखेने यादी परत पाठवली होती. तिच्यावर नवे नंबर छापलेले होते, कारण पर्सोनेलच्या यादीत नवेच नंबर होते. खाली त्याने शेरा मारला होता: ‘सदर नंबरांचे बिल्ले या कार्यालयाच्या फळीवर नाहीत. नावावरून माणूस अडवू नये असे सर्क्युलर आहे. योग्य नंबर कळवावेत, म्हणजे कार्यवाही करता येईल.’

सतरा वर्षांत त्या माणसाने शिकलेली सगळी सरकारी भाषा त्या तीन ओळींत होती. कामगारांना तो आत सोडत राहणार होता, दिवसामागून दिवस, आणि कुणी त्याला चूक म्हणू शकणार नव्हतं. सहीचा कागद फाइलीत होता, पण तो हातात घेऊन गेटावर उभं राहायचं तर सदतीस नंबर दोन कागदांवर शोधत बसावं लागलं असतं. असलं काम यशवंतरावांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं.

“जुन्या नंबरांनी यादी छापून द्या,” ते म्हणाले. “किती वेळ लागेल?”

आता इथे मी काय करू शकलो असतो ते सांगतो, कारण गेली कित्येक वर्षं मी तेच मोजत आलोय. मशीन बंद आहे, एवढंच म्हणायचं होतं. जानेवारीत आठ दिवस बंद होतं, कुणाला नवल वाटलं नसतं. टेप अडकली म्हणायचं. एसी बिघडला म्हणायचं. चार दिवस रेटले असते तर युनूस आणि त्याच्यासारखे तेरा जण सुटले असते. धैर्य वगैरे काही लागणार नव्हतं, एक साधी थाप पुरली असती, आणि थापा मी रोज मारायचो. मृदुला फोनवरचं ऐकत होती. पंचिंग थांबवून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“अकरा मिनिटं,” मी फोनवर म्हणालो.

अकराच लागली. कंपनीला दाखवायचं होतं ना, आम्ही काय करू शकतो ते. शिवाय त्या म्हाताऱ्याने माझी यादी परत पाठवली होती, ते मला झोंबलं होतं. छापलेली यादी यशवंतरावांनी सही करून परत दिली. ती शिपायाच्या हाती पाठवता आली असती. मी स्वतः घेऊन गेलो, काळोखेचा चेहरा बघायला.

टाइम ऑफिसच्या खोलीत पंखा फिरत होता. काळोखेने यादी घेतली, चष्मा लावला, आणि पहिला नंबर बघताच तो खाली बसला. मग उठून त्याने फौंड्रीत निरोप धाडला.

माणसं एकेक करून आली, हातांना कोपरापर्यंत वाळू लागलेली. काय झालंय ते दारातच त्यांच्या लक्षात येत होतं. कुणी शिवी दिली, कुणी बिल्ला टेबलावर टाकून निघून गेलं. यशवंतरावांना कुणी शिवी दिली की काळोखे मान डोलवायचा, आणि त्याला स्वतःला दिली की तेवढीच मान डोलवायचा. कारण आपले नंबर कुणी सांगितले, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. तो कुणालाही काही समजावून सांगत बसला नाही. ‘मी तुमच्यासाठीच सांगितले’ हे वाक्य त्याच्या तोंडून एकदाही आलं नाही.

युनूस मागाहून आला. पंचविशीचा, अंगाने किडकिडीत. त्याने बिल्ला पुढे केला, पण बोटं काही सुटेनात.

“मामा, चारच दिवस होते.”

“व्हय रं.”

“कालच सासऱ्याला पत्र टाकलं मी.”

काळोखेने त्याच्या मुठीवर आपला हात ठेवला. मग युनूसने मूठ उघडली, आणि माझ्याकडे नजरही न टाकता गेटाबाहेर गेला. त्याच्या दृष्टीने मी कागद आणून देणारा कुणीतरी होतो. ते बरोबरच होतं.

चार्जशीट काळोखेला पुढच्या आठवड्यात मिळाली आणि महिन्याभरात त्याला घरी पाठवलं. मला जूनमध्ये बढती मिळाली. पण त्या दिवशी त्याचं काम अजून संपलेलं नव्हतं. त्याने सदतीस बिल्ले टेबलावर मांडले, नंबराच्या क्रमाने, लहान आधी, मोठा नंतर. मग माझी यादी शेजारी ठेवली आणि एक बोट बिल्ल्यावर, एक बोट कागदावर, असा तो खाली खाली येत गेला. मी निघून जायला हवं होतं. पण कार्बन कॉपीवर पोच घेतल्याशिवाय जायचं नाही, असा आमच्या खात्याचा नियम होता.

शेवटच्या ओळीला तो थांबला. त्याने सही केली, खाली वेळ घातली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. कामाची पारख असलेल्या माणसाने दुसऱ्याचं काम बघून सांगावं, तितक्याच सरळपणे तो बोलला.

“एकबी चूक न्हाई, सायेब,” असं म्हणून त्याने कॉपी माझ्या हातात दिली.